सहा तासांचा समुद्र

"तुमचं केंद्र उद्या पाण्याखाली गेलं, तर किती माहिती पुसली गेलेली तुम्हाला चालेल?"

चिवेबंदरच्या मच्छीमार सोसायटीच्या सभेत हा प्रश्न वाचून दाखवला गेला तेव्हा आधी कुणाला तो कळला नाही, आणि कळला तेव्हा सगळेच चिडले. बंदरावर बुडण्याची भाषा करायची नसते. पण प्रश्न वरून आलेल्या परिपत्रकातला होता, आणि परिपत्रकं लिहिणाऱ्यांना असले संकेत पाळायची सवय नसते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक मागकेंद्राने आपली प्रत दुसऱ्या गावी ठेवायची आणि ती प्रत फार तर किती जुनी असलेली चालेल तो आकडा कळवायचा, असा हुकूम होता. केंद्र बुडालं की दुसरीकडची प्रत जागी होणार. ती जेवढी जुनी, तेवढा काळ कायमचा गेला.

"चालात म्हंजे? एक मिनिट पण चालाचा नाय!" मागून कुणी तरी ओरडलं.

"मगे मिनिटामिनिटाक प्रत पाठवूक व्हयी," सचिव दर्शना खवणेकर म्हणाली. "आणि ती जातली दांडेसड्याक."

दांडेसड्याचं नाव निघताच मागचा ओरडणारा खाली बसला.

दर्शना चाळिशीची, मालवणात संगणकाचं शिक्षण घेतलेली आणि मुख्य म्हणजे तोंडाला कुलूप असलेली बाई. सचिव निवडताना गावाने तिचं शिक्षण नाही, कुलूप पाहिलं होतं. ते का, हे कळायला आधी चाळणीची गोष्ट सांगितली पाहिजे.

मासा पाण्यातून गुपचूप जात नाही. अंगावरचा बुळबुळीत थर, खवल्यांचे कण, विष्ठा असं काही ना काही मागे टाकत जातो, आणि त्या प्रत्येक कणात त्याच्या जातीची ओळख, म्हणजे डीएनए, असते. शास्त्रज्ञांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पण पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत न्यायचा आणि तपासायचा यात आठवडा जायचा, आणि गेल्या आठवड्यात इथून सुरमई गेली हे कळून कालवणात काही पडत नाही. मग होडीच्या बुडाला बसवता येईल अशी एक पेटी निघाली. ती पाणी आत ओढते, त्यातले डीएनएचे धागे वाचते आणि दहा मिनिटांत सांगते की इथून कोण गेलं. शिवाय कधी गेलं तेही सांगते. कोमट खाऱ्या पाण्यात हे लांब धागे तासातासाने तुटत जातात, तेव्हा तुकडे जितके बारीक तितका मासा आधी गेलेला. सहा तासांनी मात्र सगळ्याचा चुरा होतो आणि त्यातून कुणालाच काही वाचता येत नाही. या पेटीला गावाने चाळण म्हणायला सुरुवात केली.

एका होडीच्या चाळणीला फारसा अर्थ नाही. पण सतरा होड्यांचं वाचन, वारा आणि पाण्याचे प्रवाह एकत्र केले की किनाऱ्यावरच्या यंत्राला मासळीचा चालता नकाशा काढता येतो. त्याला म्हणायचं माग. दर दोन मिनिटांनी प्रत्येक होडी आपलं वाचन आणि आपली जागा केंद्राकडे पाठवायची, आणि केंद्र तिच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, पुढची दिशा सांगायचं. चार वर्षांत लहान होड्यांच्या गावाला बरे दिवस आले.

आता गंमत बघा. तांडेल आपली मासळीची जागा सख्ख्या भावाला सांगत नाही. सरकारने पूर्वी होड्यांवर जागा कळवणारी यंत्रं बसवली होती, ती सगळी महिनाभरात 'आपोआप' बिघडली. आणि आता सतरा तांडेलांच्या सतरा जागा जमिनीवर बसून एक बाई बघत होती. म्हणून कुलूप हवं होतं.

त्या सतरांत तिचा नवरा दीपेशही होता. खवणेकरांचा समुद्रात एक बुडीत खडक होता, घरात त्याला म्हातारी म्हणत. चार पिढ्या त्या खडकाने घर पोसलं आणि चार पिढ्यांत कुठल्याही बाईला त्याची दिशासुद्धा कुणी सांगितली नव्हती. खवणेकरांची होडी आधी मुद्दाम उत्तरेला जायची, बघणाऱ्याला फसवायला, आणि तासाभराने वळायची. चाळण बसली त्याच आठवड्यात दर्शनाला पडद्यावर म्हातारी दिसली. संध्याकाळी जेवताना दीपेशने विचारलं, "बघलंस?" ती म्हणाली, "बघलंय." तो म्हणाला, "बरा." त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही.

आणि आता प्रत जायची होती दांडेसड्याला. उत्तरेच्या टोकापलीकडचं ते गाव. त्यांच्याकडे पर्ससीनच्या मोठ्या बोटी होत्या, ज्यांचं जाळं बटव्यासारखं खालून आवळतं आणि थवाच्या थवा उचलतं. दोन्ही गावांत या जाळ्यांवरून मारामाऱ्या, पोलीस, कोर्ट सगळं होऊन गेलेलं. पण त्यांचं केंद्र उंच सड्यावर होतं, लाट पोचणार नाही अशा जागी. चिवेबंदरचं केंद्र जुन्या बर्फ कारखान्यात, धक्क्याला चिकटून.

"कुलूप घालून पाठव गो," अध्यक्ष बाबलकाका तारी म्हणाले. सत्तरी उलटलेला हा माणूस भांडणं मिटवण्यासाठीच जन्माला आल्यासारखा होता.

"घालतंय काका. पण थंयची प्रत जागी होवची तर किल्ली थंयच व्हयी. किल्ली हंय ठेवली आणि हंयचाच केंद्र गेला, तर ती प्रत म्हंजे नुसतो दगड."

तेव्हा दीपेश उभा राहिला. तो सभेत सहसा बोलत नसे, त्यामुळे बोलला की लोक ऐकत.

"सहा तास," तो म्हणाला. "सहा तासांनी मागाचो चुरो होता. सहा तासांची शिळी प्रत तेंका खुशाल जांवदे. काय बघूचा ता बघूंदेत."

आकडा सगळ्यांना एकदम आवडला. परिपत्रकाचं समाधान होत होतं, अनुदान टिकत होतं, आणि होडी धक्क्याला परतली की तिच्या अजून न गेलेल्या जागा पुसून टाकायच्या म्हणजे दांडेसड्याच्या हाती चुऱ्यापलीकडे काही लागत नव्हतं.

"ह्या माशाचा झाला," दर्शना म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आणि माणसाचा काय? वादळात केंद्र गेला, तर शोधूक जाणाऱ्याच्या हातात तीच प्रत. दोन मिनिटांपूर्वीची जागा आसली तर हाक मारून माणूस गावता. सहा तासांत होडी खंयच्या खंय जाता. सगळो तालुको मावात एवढो समुद्र शोधूक लागतलो. माग नको पाठवूया, नुसती जागा पाठवूया. दोन मिनिटांची."

"होडी दोन तास एका जाग्यार उभी रवली," दीपेश म्हणाला, "म्हंजे ती थंय काय भजन करता?"

लोक हसले. दर्शनाही हसली असती, पण तिला हसू आलं नाही.

शेवटी बाबलकाकांनी मधला मार्ग काढला. आकडा सहा तासांचाच. मात्र संकट आलं तर तांडेलाने वायरलेसवरून 'सोड' म्हणायचं, म्हणजे त्याची ताजी जागा दर्शना दांडेसड्याला सोडेल. ज्याची जागा त्याचा शब्द. तांडेलाच्या तोंडून शब्द आल्याखेरीज सचिवाने बोट हलवायचं नाही. आणि नुसत्या ठरावावर गावाचा विश्वास बसत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी देवळात ग्रामदेवता सातेरीपुढे नारळ ठेवून काकांनी रीतसर गाऱ्हाणं घातलं, की जो तांडेलाचा शब्द मोडील त्याचा निवाडा तूच कर. सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!" दर्शनाही म्हणाली.

त्या दिवशी घरी आल्यावर ती दीपेशला म्हणाली, "चार माणसांत माझ्याविरुद्ध उभो रवलंस."

"तुझ्याविरुद्ध नाय. आकड्याविरुद्ध."

"आकडो माझो होतो."

"आणि म्हातारी माझी आसा," तो म्हणाला आणि जाळं दुरुस्त करायला ओसरीवर जाऊन बसला.

तेव्हापासून दर्शनाच्या मागे एक भीती लागली. केंद्रात बसल्यावर ती स्वतःच्या पडद्याशेजारी दांडेसड्याची प्रत उघडून ठेवायची. इकडे दुपारी बारा वाजता सतरा होड्या समुद्रभर पसरलेल्या दिसायच्या. तिकडे त्याच वेळी सतराच्या सतरा होड्या धक्क्यावरून नुकत्या सुटत असायच्या, कारण तिथे अजून सकाळचे सहाच वाजलेले. आत्ता काही झालं तर जगाच्या दृष्टीने हे सगळे अजून किनाऱ्यावरच आहेत, हे मनात आलं की ती दोन्ही पडद्यांवरचे ठिपके पुन्हा मोजायची. तिने ते दीपेशला एकदा दाखवलंही. तो म्हणाला, "मगे बरा ना, घराकडेच आसंव आमी," आणि तिला त्याचा असा राग आला की तिने दोन दिवस अबोला धरला.

तुळशीच्या लग्नाआधीच्या आठवड्यात खोल समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. तो ओमानकडे जाणार असं सगळी यंत्रं सांगत होती. होड्या पहाटे गेल्या. सकाळी उशिरा पट्टा वळला, आणि वळला तो सरळ किनाऱ्याकडे. धोक्याचा इशारा आला तेव्हा आभाळाचा रंग आधीच बदलला होता. दर्शनाने सगळ्यांना परत फिरायला सांगितलं. पडद्यावरचे ठिपके एकेक करून वळले. एक ठिपका वळला नाही.

दुपारपर्यंत पाणी बर्फ कारखान्याच्या पायऱ्या चढलं. मोठी केबल तुटली. उपग्रहाची बारीक वाट तेवढी उरली, आणि तिच्यातून एका होडीची जागा जायला अर्धं मिनिट लागत होतं. बाहेर केंद्राचा मनोरा डुलत होता. तो पडला की संपलं. होड्यांचं म्हणणं ऐकणारा या टप्प्यात तोच एक कान होता, दांडेसड्याच्या मनोऱ्याला टोकाच्या डोंगराअलीकडचं ऐकू येत नव्हतं.

दर्शनाने वायरलेस हातात घेतला आणि एकेका होडीला हाक मारली. "हिरावती, सोडू?"

"सोड गो बाय! इचारतंस काय!"

"गंगासागर, सोडू?"

"सोड, सोड."

सभेत मूठभर जागेसाठी ओरडणारे सगळे लहान मुलासारखे सोड सोड म्हणत होते. एकाने तर दोनदा सोडायला सांगितलं. दर्शना एकेकाला विचारत होती, बटण दाबत होती, आणि प्रत्येक वेळी तिचं लक्ष खाली नैऋत्येच्या कोपऱ्यात जात होतं. तिथे दीपेशची 'सातेरी प्रसाद' म्हातारीवर उभी होती. हलत नव्हती.

सोळा झाल्या. ती म्हणाली, "सातेरी प्रसाद, सोडू?"

खरखर ऐकू आली. मग दीपेशचा आवाज. "नको."

"दीपेश..."

"मी निघालंय. माझी रवांदे."

ठिपका तिथेच होता. अर्ध्या तासापासून तिथेच होता. जाळं खडकात अडकलं असणार आणि हा ते सोडवत बसला असणार. किंवा इंजिन बंद पडलं असणार. काहीही असो, तो निघाला नव्हता. आणि हे तिला बोलता येत नव्हतं, कारण याच वाहिनीवर दांडेसड्याच्या बोटी ऐकत होत्या. तू एका जागी उभा आहेस एवढं म्हणणंसुद्धा पुरे होतं.

"खरोच निघालंस?" तिने विचारलं.

"होय म्हटलंय ना. ठेव आता."

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. हा माणूस तिच्याशी भांडला होता, रुसला होता, पण खोटं कधी बोलला नव्हता. आज बोलला आणि तेही सगळ्या समुद्रासमोर. तिने पुन्हा हाक मारली. उत्तर आलं नाही.

बाबलकाका गुडघाभर पाण्यातून आत आले. "चल गो. भिंत जातली."

"काका, दीपेश नको म्हणता. निघालंय म्हणता. होडी हलणा नाय."

काकांनी पडद्यावरचा ठिपका बघितला. "तेणा नको म्हटल्यान?"

"होय."

"मगे शब्द तेचो," काका म्हणाले. आणि हे म्हणून त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली, दाराच्या चौकटीला धरून ते बाहेर पाणी बघत उभे राहिले.

ती पाठ कशासाठी फिरवली हे न कळण्याइतकी दर्शना भोळी नव्हती. पण तिला आडोसा नको होता. आपण गाऱ्हाण्याला व्हय म्हाराजा म्हटलंय हे तिला आठवत होतं. दीपेश मरेल याची तिला भीती वाटत होती, आणि तो जगला तर आपल्याकडे कसा बघेल याचीही. ही दुसरी भीती अशा वेळी मनात यावी याची तिला लाज वाटली. तिने बटण दाबलं. अर्ध्या मिनिटाची पट्टी भरत होती तोवर ती उभी राहिली, पाणी मांडीपर्यंत आलं तरी उभी राहिली. पट्टी भरली.

"सोडलंय," ती मोठ्याने म्हणाली.

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. "आता चल," एवढंच म्हणाले.

दोघं टेकडीवरच्या शाळेपर्यंत पोचतात न पोचतात तोच मनोरा पडला. शाळेत होड्यांवर गेलेल्यांच्या बायका, आया, बहिणी जमल्या होत्या. कुणी रडत नव्हतं, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. शाळेतल्या उपग्रहफोनवरून दर्शनाने दांडेसड्याचं केंद्र लावलं. तिथे नाझनीन मुजावर नावाची मुलगी कामाला होती. दर्शनाने तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

"प्रत जागी झाली का?" दर्शनाने विचारलं.

"झालीय ताई. सोळा बोटी किनाऱ्याकडे येतायत, त्यांतल्या दोघींचं इंजिन गेलंय असं आमच्या बोटींनी वायरलेसवर ऐकलंय. आमचे लोक निघालेत." ती थांबली. "सतरावी मात्र पार नैऋत्येला आहे. आणि तिची सहा तासांपूर्वीची जागा तर उत्तरेला आमच्या टोकाजवळ दिसते. यातली खरी कुठली?"

"नैऋत्येची. उत्तरेची फसवी आहे."

"फसवी म्हणजे?"

"ते आधी तिकडे जातात. मग वळतात. तुम्ही तिकडे नका बघू."

पलीकडे नाझनीनने कुणाशी तरी बोलणं केलं. मग ती म्हणाली, "मोठी बोट पाठवतोय. वारा आणि प्रवाह घालून यंत्राने आग्नेयेला तीन मैलांचा पट्टा काढून दिलाय. पण आमचे तांडेल विचारतायत, ताज्या जागेवरून सरळ जाऊ का? आमच्या नकाशात तिथे नुसतं खोल पाणी आहे."

दर्शनाने डोळे मिटले. बटण दाबणं सोपं होतं. ठिपका म्हणजे नुसता ठिपका, तो कशाचा आहे ते कुणाला कळत नाही. आता तिला तोंडाने सांगायचं होतं, आणि न सांगावं तर दांडेसड्याची माणसं बोटीसकट त्या खडकावर जाणार होती.

"सरळ जाऊ नका," ती म्हणाली. "तिथे खडक आहे. वर दोनच वाव, म्हणजे बारा फूट पाणी. लाट त्यावर फुटते. दक्षिणेकडून वळसा घाला." आणि मग, काही उरायला नको म्हणून, "अर्ध्या मैलाचा आहे. पूर्व-पश्चिम पसरलेला."

"खडक?" नाझनीनला नवल वाटलं असणार. पण ती शहाणी होती, पुढे काही विचारलं नाही.

त्यानंतर करण्यासारखं काही राहिलं नाही. सोळा होड्या आल्या, काही आपल्या आपण, काही ओढून आणलेल्या. प्रत्येक होडी आली की शाळेतल्या एकदोन बाया उठून खाली धावत. बसलेल्यांची संख्या कमी होत होती. शेवटी दर्शना आणि 'सातेरी प्रसाद'वरच्या तीन खलाशांच्या घरची माणसं तेवढी उरली. त्या बायांना माहीत नव्हतं की त्यांच्या तांडेलाने नको म्हटलं होतं. दर्शनाने त्यांना सांगितलं नाही. तिच्या जवळ एका खलाशाची वयस्क आई बसली होती, तिने न विचारता दर्शनाचा हात हातात घेतला आणि दर्शनाला तो हात सोडवून घ्यावासा वाटला.

दिवस मावळायच्या सुमाराला फोन वाजला. चौघं सापडले होते. होडी खडकावर फुटली होती. जाळ्याचे तरंगते बोये एकमेकांना बांधून चौघं त्यांना धरून तरंगत होते, यंत्राने सांगितलेल्या पट्ट्यात. एकाचा पाय मोडला होता. दर्शना जमिनीवर बसली आणि गळा काढून रडली. तिच्या माहेरच्यांनीसुद्धा तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

दीपेशला ती दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या इस्पितळात भेटली. मिठाने त्याचे डोळे सुजले होते, तळहातांची साल गेली होती. तिने त्याला पेज भरवली. तो मुकाट्याने खात होता. अर्धी पेज झाल्यावर त्याने विचारलं, "आमका खंय गावलंव म्हणान सांगल्यानी?"

"म्हातारीच्या खाली. आग्नेयेक."

त्याने चमचा बाजूला सारला. "म्हंजे तू सोडलंस."

"सोडलंय. आणि खडक आसा म्हणान पण सांगलंय. दक्षिणेकडसून येवा म्हटलंय."

तिला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "तिघांका मी बांधून ठेवलेलंय थंय. जाळ्यासाठी. ता माका कळता." मग भिंतीकडे तोंड करून झोपला. पेज निवत राहिली.

पंधरवडा झाला नसेल, दांडेसड्याच्या पर्ससीन बोटी म्हातारीभोवती दिसू लागल्या. त्यांना दोष तरी काय द्यायचा? ज्यांनी त्या फुटत्या लाटेत बोट घालून चार माणसं काढली, त्यांनी पाण्याखालचा खडक विसरून जावा ही अपेक्षा माणसाकडून करता येत नाही. केंद्र आता शाळेच्या एका खोलीत चालत होतं. दर्शनाच्या पडद्यावर म्हातारीभोवतीचा माग दर दिवशी फिका होत गेला, आणि पौषात तिथे नुसतं निळं पाणी उरलं. चार पिढ्या पुरलेलं एवढ्यात सरलं. तिने ते दीपेशला सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. त्याची होडी गेली होती, तो दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जात होता, आणि घरात दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखी बोलत होती.

मग सभा भरली. परिपत्रकाचा तोच प्रश्न पुन्हा वाचला गेला. या वेळी कुणी चिडलं नाही. दोन मिनिटं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. प्रत कुलूपबंद जाईल, किल्ली केंद्रात न ठेवता सचिवाच्या कमरेला राहील आणि वादळाचा इशारा आला की किल्ली घेऊन सचिव आधी टेकडीवर जाईल, असंही ठरलं. किल्ली कुणासाठी उघडायची ते मात्र पूर्वीसारखंच. ज्याची जागा त्याचा शब्द.

"आता दुसरो विषय," बाबलकाका म्हणाले आणि घसा खाकरत बसले. त्यांना तो काढवत नव्हता. "शब्द मोडलो गेलो. सचिवान सोताच सांगल्यान. गाऱ्हाणा घातलेला आसा."

"तिना चार माणसा वाचयल्यान!" मोडक्या पायाचा खलाशी कुबडी आपटत म्हणाला.

"वाचयल्यान, खरा आसा," हिरावतीचा तांडेल म्हणाला. "पण आज घोवाचो शब्द मोडल्यान. उद्या माझो मोडात. किल्ली तिच्याकडे आसताना मी 'नको' म्हटलंय, तर ता 'नको' खरा काय?"

सगळे दर्शनाकडे बघू लागले. तिने तयारी काहीच केली नव्हती.

"दुसरो कोणी 'नको' म्हणालो असतो," ती म्हणाली, "तर मी सोडलंय असतंय काय, ता माका सांगूक येणा नाय. खरा सांगतंय. कदाचित तेचो शब्द पाळून गप रवलंय असतंय."

आपली बाजू मांडायला सांगितलं आणि हिने आपल्याच विरुद्ध मांडली, असं काकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दर्शनाला सचिवपदावरून काढावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, असं त्यांनी सांगितलं. हात मोजायचं काम सचिवाचं. दर्शना समोरून मोजत मागे आली आणि शेवटच्या बाकाशी थांबली. तिथे दीपेशचा हात वर होता. तळहातावर नवी गुलाबी साल आलेली दिसत होती. तिने तोही मोजला, काकांना आकडा सांगितला आणि किल्ली त्यांच्यापुढे ठेवली.

घरी जाताना दोघं बरोबर चालत होती, पण मध्ये एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून. वाटेत ओळखीचे लोक भेटले ते नजर चुकवून पुढे गेले. दर्शनाला रडू येत नव्हतं, नुसता राग येत होता, आणि घर जवळ आलं तसा तो तिच्याने दाबवेना.

"तुझी होडी गेली, म्हातारी गेली, म्हणान हात वर केलंस?"

"नाय," दीपेश म्हणाला. "म्हातारी काय, तिची मासळी उद्या परवा येतली परत. मी नसतंय झालंय तर ती कोणाच्या कामाक?"

"मगे?"

ती वाटेत उभी राहिली. इतक्या आठवड्यांत तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं नव्हतं, आता पाहिलं. "ऐक. परत तशीच वेळ इली, तू परत नको म्हटलंस, देवापुढे शंभर नारळ ठेवलेले आसले, तरी मी परत सोडतलंय."

"माका म्हायत आसा," दीपेश म्हणाला. "म्हणान तर हात वर केलंय."